अलंकार : सोन्याचे आणि शब्दांचे

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यवाहांनी मला 'भाषेतील अलंकार' हा विषय दिला, तेव्हा प्रथम मला थोडे हसू आले. सोनारांच्या सभेत अलंकार म्हणजे काय हे सांगावयाचे, हे पंढरपुरात जाऊन वारीचे माहात्म्य सांगण्यासारखेच आहे. परंतु सोनारानेच कान टोचावे, अशी आपल्या भाषेत म्हण आहे. मी जन्माने सोनार आणि व्यवसायाने मराठीचा शिक्षक. तेव्हा हे टोचणे दोन्ही नात्यांनी मला शोभेल, असे समजून मी बोलावयास उभा आहे. वडीलधाऱ्यांनी ऐकावे, पण माझे बोलणे मुख्यत्वे समोर सतरंजीवर बसलेल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींशी आहे.

मुलांनो, अलंकार तुम्ही शाळेत शिकता. कसे शिकता, तेही मला ठाऊक आहे. 'सारखा, प्रमाणे, समान, परी' यांपैकी शब्द दिसला की उपमा; 'जणू, गमे, वाटे, भासे' दिसला की उत्प्रेक्षा; एवढे पाठ केले की परीक्षेत गुण पदरात पडतात. ही युक्ती अगदीच टाकाऊ नाही. पण कसोटीचा दगड न घेता केवळ पिवळा रंग पाहून सोने विकत घेणाऱ्याची जी गत होते, ती कधी ना कधी या युक्तीने तुमचीही होईल. 'बाळू सारखा रडतो' यात 'सारखा' आहे. उपमा कोठे आहे? 'मला ताईसारखी बांगडी हवी' यात तर तुलनाही आहे, तरी अलंकार नाही. कारण बांगडीची तुलना बांगडीशीच झाली आणि तिच्यातून नवे असे काहीच दिसले नाही. उलट आजी नातीला 'आलीस का गं, माझे सोन्याचे पाखरू' असे म्हणते, तेथे खुणेचा एकही शब्द नाही, आणि अलंकार मात्र अस्सल आहे.

म्हणून कोणताही अलंकार भेटला की त्याला एकच प्रश्न विचारावा : हा काढून टाकला तर वाक्याचे काय कमी होईल? काहीच कमी होत नसेल, तर तो अलंकार नसून मुलामा आहे. हा प्रश्न हाच आपला कसोटीचा दगड. आज त्यावर थोडे अलंकार घासून पाहू.

त्यापूर्वी जुन्या शास्त्रकारांविषयी दोन शब्द. 'अलंकार' या शब्दातील 'अलम्' याचा एक अर्थ 'पुरे, पुरेसे' असा आहे. तेव्हा अलंकार म्हणजे पुरेसे करणारा, उणीव भरून काढणारा. हा अर्थ सोनाराला जितका लवकर पटेल तितका इतर कोणाला पटणार नाही. गळा पाहून हार घडवावा लागतो, मनगट पाहून बांगडी. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र नावाचा पंडित होऊन गेला. त्याने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात हेच सांगितले आहे. कमरेची मेखला गळ्यात घातली, गळ्यातला हार कमरेला बांधला, पायातले नूपुर हातात आणि दंडावरचे केयूर पायात अडकविले, तर पाहणाऱ्याला हसू येईल. काव्यातले अस्थानी अलंकारही तसेच, असा त्याचा आशय. 'काव्यप्रकाश' लिहिणारा मम्मटही काश्मीरचाच. त्यानेही काव्यातील अलंकारांना गळ्यातल्या हाराची उपमा दिली, आणि क्वचित अलंकारावाचूनही काव्य असू शकते, हे मोकळेपणाने मान्य केले. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार अवघे ४ : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त त्यांची संख्या १०० च्या वर गेली. दागिन्यांच्या नमुन्यांचेही असेच होते. मूळ घाट थोडे, नावे फार. तुम्ही घाट ओळखा, नावे मागाहून येतील.

आता आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. दुकानात अंधार आहे, बागेसरीत निखारे फुलले आहेत आणि मुशीतले सोने वितळले आहे. हे पाहून एकाने म्हटले, 'मुशीतले सोने उगवत्या सूर्यासारखे तांबूस झळकते.' ही उपमा. ज्याचे वर्णन चालले आहे ते सोने हे उपमेय, ज्याशी तुलना केली तो सूर्य हे उपमान, तांबूस झळाळी हा दोघांतला साधारण धर्म, आणि 'सारखे' हा साम्यवाचक शब्द. माझ्या मते उपमा म्हणजे ताजवा. एका पारड्यात उपमेय, दुसऱ्यात उपमान, आणि मध्ये साधारण धर्माची दांडी. दोन्ही पारडी समतोल असली तरी वेगळी असतात. उपमा ऐकताना सोने हे सोने आहे आणि सूर्य हा सूर्य आहे, हे आपण विसरत नाही. म्हणून जेथे वस्तू समजावून सांगावयाची असते, अनोळखी गोष्ट ओळखीची करावयाची असते, तेथे उपमा फार उपयोगी पडते.

दुसरा म्हणाला, 'मुशीतले सोने म्हणजे जणू उगवता सूर्यच!' येथे पारडे हलू लागले. हा सूर्यच तर नसेल, अशी मनाची क्षणभर चलबिचल झाली. ही उत्प्रेक्षा. तिचा परिणाम विस्मयाचा आहे.

तिसरा म्हणाला, 'बागेसरीच्या पूर्वेला सोन्याचा सूर्य उगवला.' हे रूपक. येथे ताजवा बाजूला ठेवला, दोन्ही धातू एकाच मुशीत घातले आणि त्यांचा एक रस झाला. चौथ्याने सोन्याचे नावही घेतले नाही. 'अंधाऱ्या दुकानात सूर्य उगवला' एवढेच तो म्हणाला. उपमानाने उपमेय पार गिळून टाकले. जुन्या शास्त्रकारांनी याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानले आहे. तुमच्या पुस्तकातील अतिशयोक्ती, म्हणजे एखादी गोष्ट वाजवीपेक्षा फुगवून सांगणे, ही त्याच घरातली.

बाकीच्या नातलगांची ओळख याच ताजव्याने पटकन होईल. पारडे उपमेयाच्या बाजूला झुकले, म्हणजे 'अमृताहूनही गोड' असे झाले, की व्यतिरेक. तोडीस तोड वजनच मिळाले नाही म्हणून दोन्ही पारड्यांत तीच वस्तू घातली, 'आईची माया आईच्या मायेसारखीच', की अनन्वय. आणि उपमेय पारड्यातून उचलूनच टाकले, 'हे पैंजण वाजत नाहीत, आमचे घर हसते आहे', की अपन्हुती. हे तीन अलंकार परीक्षेत मुलांना अडवितात. ताजवा डोळ्यांसमोर ठेवलात तर अडणार नाहीत.

रूपकापाशी मात्र मला थोडे थांबावयाचे आहे. कारण आपल्या समाजाचा सर्वांत मोठा वाङ्मयीन ठेवा एका रूपकात आहे, आणि तो घरोघर गाइला जात असूनही रूपक म्हणून फार थोड्यांनी पाहिला आहे. मी संत नरहरी महाराजांच्या, देवाला उद्देशून आपण त्याचे सोनार असल्याचे सांगणाऱ्या प्रसिद्ध अभंगाविषयी बोलतो आहे. महाराज पंढरपूरचे. ते कट्टर शिवभक्त होते, विठ्ठलाच्या कमरेचा दागिना घडविताना डोळ्यांस पट्टी बांधून त्यांनी माप घेतले आणि शिव व विठ्ठल एकच असल्याचा अनुभव त्यांना आला, ही परंपरेने चालत आलेली कथा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. अभंगात त्यांनी काय केले ते पाहा. देहाला त्यांनी बागेसरी केले आणि अंतरात्म्याला सोने. मग तीन गुणांची मूस आली, तिच्यात ब्रह्मरस आला. जीव-शिव फुंकणी झाले. विवेक हातोडा झाला आणि त्याने काम-क्रोधाचा चुरा केला. मन आणि बुद्धी यांची कात्री झाली, ज्ञान ताजवा झाले. दुकानातली एकेक वस्तू त्यांनी उचलली आणि प्रत्येकीला नेमके काम दिले. असे अंगोपांगांसह शेवटपर्यंत चालविलेले रूपक, त्याला सांगरूपक म्हणतात. यातील कोणतेही हत्यार शोभेसाठी ठेवलेले नाही. फुंकणीचे काम हातोड्याला दिलेले नाही. ज्याने आयुष्यभर ही हत्यारे हाताळली, त्यालाच हे साधावे.

पण या अभंगाचे खरे सामर्थ्य आणखी एका जागी आहे. त्या मन-बुद्धीच्या कात्रीने महाराज काय करतात? रामनामाचे सोने चोरतात! सोनार सख्ख्या बहिणीच्या दागिन्यातूनही सोने काढल्यावाचून राहत नाही, हा आपल्या जातीवरचा जुना टोमणा. तुमच्यापैकी कोणाला वर्गात किंवा वसतिगृहात तो ऐकावा लागलाही असेल. महाराजांनी त्यावर तक्रार केली नाही, की आपण प्रामाणिक असल्याची ग्वाही दिली नाही. तोच शब्द त्यांनी उचलला आणि मुशीत टाकला. होय, मी चोरतो. पण जे कितीही चोरले तरी धन्याचे गुंजभरही कमी होत नाही, ते चोरतो. अलंकार काढून टाका आणि 'मी रामनाम घेतो' एवढेच लिहा. अर्थ राहील, पण तो टोमणा जेथे होता तेथेच राहील. अलंकाराचा परिणाम म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हे एक उदाहरण देईन.

महाराजांच्या भोवतीचे संतही असेच बोलत. सेना महाराजांनी न्हाव्याचा आरसा विवेकाला दिला, सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीत विठाबाई दिसली. ज्ञानदेवांनी 'चांगदेवपासष्टी'च्या ६५ ओव्यांत एका ठिकाणी आपल्याच धंद्याचा दृष्टांत घेतला आहे : सोने दागिना होते तेव्हा त्याचे सोनेपण तिळभरही घटत नाही, तसेच परमतत्त्व जगाच्या रूपाने नटते. हा दृष्टांत वेदान्ती मंडळींना जितका कळतो, त्याहून मोडीत आलेला हार वितळविणाऱ्याला अधिक कळतो, असे मला नेहमी वाटते.

उलट, न पाहिलेल्या वस्तूंचे रूपक केले की काय होते, तेही सांगतो. 'शिक्षणाच्या नौकेत बसून यशाचे शिखर सर करू या' असे वाक्य आपल्या समारंभांतून अधूनमधून ऐकू येते. नौका डोंगर कशी चढेल, याचा विचार वक्ता करीत नाही आणि श्रोतेही टाळ्या वाजवून मोकळे होतात. हा सुटा डाख म्हणावयाचा. दोन तुकडे जोडलेले दिसतात, पण ओढून पाहिले की हातात येतात.

आता एक गंमत. आपण ज्यांना साधे शब्द समजतो, त्यांतले कितीतरी आपल्या दुकानातून बाहेर पडलेले अलंकार आहेत. माणूस संकटातून 'तावून सुलाखून' निघतो. तावणे म्हणजे विस्तवात तापविणे, आणि सुलाखणे म्हणजे भोक पाडून आतली धातू खरी की खोटी ते पाहणे. वागणे 'हिणकस' असते. हीण म्हणजे सोन्यात मिसळलेली हलकी धातू. उत्तर 'चोख' असते, मैत्री 'बावनकशी' असते, खेळाडूचा 'कस' लागतो, मनाची 'घडण' होते, एखादा गुण 'कोंदणात' शोभून दिसतो. हे शब्द प्रथम कोणी वापरले असतील, तेव्हा ती जिवंत रूपके होती. वापरून वापरून नाण्यावरचा छाप झिजावा तसा त्यांचा छाप झिजला. नाणे चालते, पण राजा दिसत नाही. दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण धुऊन काढणारे झारेकरी तुमच्या आजोबांनी पाहिले असतील. भाषेचा अभ्यास करणाऱ्याने असा केर चाळावयाचा असतो. 'हिणकस' शब्द उच्चारताना ज्याला हीण आणि कस दिसतात, त्याच्या लेखनात तो शब्द योग्य जागी पडतो.

शब्दालंकारांविषयी थोडक्यात. अनुप्रास म्हणजे तेच अक्षर पुन्हा पुन्हा आणणे, एवढे सांगून भागत नाही. कोणते अक्षर, हे महत्त्वाचे. 'ठाकठीक ठेक्यात ठोके पडू लागले' यात ऐरण ऐकू येते. 'फुंकणीच्या फुंकरीने निखारे फुलले' यात ओठांतून हवा सुटते. ठोक्याच्या वर्णनात 'ल' आणि 'म' घोळवीत बसलात, तर अनुप्रास होईल, पण घाव पडणार नाही. यमकाचा हव्यास मात्र जपून करावा. वामन पंडितांसारख्या विद्वान कवीलाही लोकांनी 'यमक्या वामन' असे नाव ठेवले. मोरोपंतांनी यमकावर हुकमत मिळविली खरी, पण ती हुकमत होती; आपला बहुधा नाद असतो.

श्लेषात एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात. 'सराफाच्या दारी भाव विचारतात, विठोबाच्या दारी भाव पाहतात.' येथे दरही आला, भक्तीही आली. श्लेष हा सांधा न दिसणाऱ्या कडीसारखा असावा. 'पाहा, मी कसा श्लेष केला' असे म्हणावे लागले, की डाख दिसला. आणि व्याजस्तुती तर आपल्या गिऱ्हाइकांना कोणी न शिकविताच येते. 'दसऱ्याला कबूल केलेला हार संक्रांतीला दिलात. तुमच्या शब्दाला जपणे कोणी तुमच्याकडून शिकावे!' वरून स्तुती, आतून निंदा. सभेतील हसू पाहता हे वाक्य पुष्कळांनी ऐकले आहे, असे दिसते.

शेवटी चेतनगुणोक्ती, आणि तिच्यासाठी मी मुद्दाम एक दुःखाची हकीकत घेतो. जानेवारी १९६३ मध्ये सरकारने सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी केले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. देशभर सोनारांची दुकाने बसली. कारागिरांच्या आत्महत्यांच्या बातम्याही त्या काळात आल्या. पुढे निर्बंधांत फेरफार झाले, १९६८ साली सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला, आणि तो १९९० साली रद्द झाला. हे झाले साधे निवेदन. आता यावर कोणाला निबंध लिहावयाचा आहे. एक विद्यार्थी लिहितो, 'सोनारांच्या घरोघरी अश्रूंचे महापूर लोटले आणि त्यात आकाश बुडाले.' दुसरा लिहितो, 'आजोबांनी हत्यारे फडक्यात बांधून ठेवली. ऐरण मात्र जड होती. ती जागेवरच राहिली आणि दिवसभर दाराकडे पाहत बसली.' पहिल्या वाक्यातील अतिशयोक्तीने दुःख वाढले नाही. उलट ते खोटे वाटू लागले, कारण खरे दुःख मुळातच पुरेसे मोठे होते. दुसऱ्या वाक्यात रडणारे कोणीच नाही. निर्जीव ऐरणीला फक्त डोळे दिले, आणि वाट पाहण्याचे सारे ओझे तिच्यावर टाकले. माणसाच्या तोंडून जे सांगता येत नाही, ते वस्तूच्या तोंडून सांगावे, हा चेतनगुणोक्तीचा उपयोग. बालकवींच्या निसर्गकवितांत तिचा आनंदाचा अवतार तुम्हाला भेटेल. दुःखातही ती तितकीच समर्थ आहे.

त्या दुसऱ्या उदाहरणातील पहिले वाक्य पुन्हा ऐका : 'आजोबांनी हत्यारे फडक्यात बांधून ठेवली.' त्यात एकही अलंकार नाही, असे तुम्ही म्हणाल. आहे, स्वभावोक्ती. वस्तू जशी आहे तशी, पण नेमकी निवडून सांगणे. आजोबांनी त्या दिवशी शंभर गोष्टी केल्या असतील. लिहिणाऱ्याने एकच घेतली. खडे नाहीत, मीनाकाम नाही, नुसती चोख सोन्याची बांगडी; तिच्यात दोष लपवावयास जागा नसते, म्हणून ती घडविणे सर्वांत अवघड. तुमच्या वयाच्या मुलांनी लेखनाचा सराव येथूनच सुरू करावा, असे माझे मत आहे. उपमा-उत्प्रेक्षा नंतर.

आता एक काम सांगून बसतो. हातकामाच्या जागी यंत्रे आली आहेत, आपली मुले अभियंते आणि डॉक्टर होत आहेत, त्याबद्दल आनंदच आहे. मात्र दुकान बंद झाले की त्यातले शब्दही फडक्यात बांधले जातात. म्हणून मंडळाच्या कार्यालयात एक कोरी वही ठेवण्याची विनंती मी कार्यवाहांना केली आहे, व त्यांनी ती मान्य केली आहे. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आजी-आजोबांजवळ, काका-आत्यांजवळ बसून धंद्यातले दहा शब्द विचारून आणावेत. पानाच्या डाव्या बाजूस शब्दाचा दुकानातील अर्थ लिहावा, उजव्या बाजूस त्याचा बोलण्यातील अर्थ, आणि खाली आपण स्वतः रचलेले एक वाक्य. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांतील निवडक नोंदी छापाव्यात, अशी संपादक मंडळास माझी सूचना आहे.

पहिली नोंद मी आजच करून ठेवली आहे. शब्द : घडणावळ. दुकानातील अर्थ : दागिना घडविण्याची मजुरी. बोलण्यातील अर्थ मला कोणाच्याच तोंडी आढळला नाही. ती उजवी बाजू आणि खालची ओळ तुमच्यासाठी मोकळी सोडली आहे.